अळ्यांचे सोळा ट्रे आणि एक पट्टी

मी खाली सही करणार आहे, अंगठा नाही. चौथीपर्यंत शिकले आहे. वय चौपन्न. मदतकेंद्रावर मला सगळे पट्टीबाई म्हणायचे, घरी ताई. गाठ घशात आहे, डोक्यात नाही, तसा दाखला दवाखान्यातल्या नर्सबाईने दिला आहे आणि तो या कागदाला टाचला आहे. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने लिहिते आहे, कोणाच्या दबावाखाली नाही. दबाव आणायला घरी कोणी येतही नाही.

शुद्धलेखन शेजारचे मास्तर बघतील, पण त्यांनी शब्द बदलायचे नाहीत. त्यांनी दोनदा 'माझ्या निवर्तनानंतर' घातलं, मी दोनदा खोडलं. मी मरणार आहे. आधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं असंही लिहा म्हणतात. आधीचं काही नाही, पण असेल तर रद्द.

एक. घर.

पत्र्याच्या दोन खोल्या, सार्वजनिक नळासमोर. नवरा कामाच्या शोधात गेला तो आला नाही, मूलबाळ नाही. घर मी भाचीला देते. भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, बावीस वर्षांची. तिला सव्वा वर्षाची मुलगी आहे. मायलेकी धाकटीकडेच राहतात, नळाच्या पलीकडे. माझ्या दारातून त्यांचं दार दिसतं.

धाकटी माझ्याशी सतरा वर्षं बोललेली नाही. ती असेपर्यंत भाची इथे पाऊल ठेवणार नाही हे मला कळतं. तरी घर तिचं. कुलूप लावून ठेवलं तरी चालेल, पण दादाला द्यायचं नाही. दादा आमचा थोरला भाऊ. त्याच्यासाठी वेगळी वस्तू काढून ठेवली आहे, ती पुढे येईल.

पतपेढीत थोडंफार आहे ते भाचीच्या मुलीच्या दुधाला.

दोन. पट्टी.

ही लहान मुलांचा दंड मोजायची पट्टी आहे. तिच्यावर लाल, पिवळा, हिरवा असे तीन रंग आहेत. पाऊस नसलेल्या तिसऱ्या वर्षी जुन्या गोदामात मदतकेंद्र उघडलं, तेव्हा मला पातेली घासायला घेतलं होतं. महिन्याभरात पट्टीवर बसवलं, कारण माझा हात थरथरत नाही. दंड लालवर आला तर मुलाला लगद्याची पाकिटं मिळायची. दाण्यांचा गोड लगदा, कोपरा फाडला की मूल सरळ चोखतं. पिवळ्याला नुसतं पीठ. हिरव्याला काही नाही, घरी जा.

पट्टी जरा ओढून धरली की पिवळ्याचं लाल होतं. हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं आणि मी ओढायला लागले. अकरा मुलांची ओढली. कोणाच्या आईने पाय धरले म्हणून, कोणाच्या आईला पाय धरण्याइतकाही जोर नव्हता म्हणून. सगळी परकी माणसं.

मग एक दिवस धाकटी रांगेत आली. कडेवर दोन वर्षांचा मुलगा, बोटाला भाची. मुलाचा दंड पिवळ्यात, लालपासून दोन रेघा वर. धाकटी हळूच म्हणाली, "ताई, ओढ की जरा."

मागे चाळीस बायका उभ्या होत्या. त्यातली एक बोललीच, "आता बघू या, बहिणीला काय देते ते."

मी पट्टी सैल ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पिवळा. पीठ."

"परक्यांची ओढतेस," धाकटी म्हणाली.

मी म्हणाले, "पुढे सरक, रांग अडली आहे."

त्या आठवड्यात पिठाची गाडी आली नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. आली तोवर मुलगा ताप येऊन गेला होता. नर्सबाई म्हणते, पाकिटं मिळाली असती तरी तापाने गेलाच असता. चांगली बाई आहे. हे म्हणताना माझ्याकडे बघत नाही.

मी स्वच्छ आहे हे त्या चाळीस बायकांना दाखवायला मी एक मूल घालवलं. त्यांतल्या एकीचंही नाव आज मला सांगता येणार नाही.

पट्टी धाकटीला. कशी द्यायची ते कलम पाचमध्ये.

तीन. ट्रे, मांडणी, दोन चाळण्या, हातचक्की.

केंद्र चार वर्षं चाललं. बंद होणार कळलं तेव्हा मी केंद्राच्या साहेबांच्या खोलीत गेले. भिंतीवर जगाचा नकाशा होता, कुठे भूक किती ते रंगवलेलं. साहेब म्हणाले, "बाई, तुमचा भाग आता पिवळ्यात आलाय. दुसरीकडे लाल फार वाढलंय आणि गाड्या आहेत तेवढ्याच आहेत." तेव्हा कळलं, आमच्याही दंडाला वरून कोणीतरी पट्टी लावत होतं. आमची ओढणारं तिथे कोणी नव्हतं. मी म्हणाले, "साहेब, पिवळी मुलंही मरतात. आमच्या घरातलं एक मेलंय." ते म्हणाले, "मला माहीत आहे." त्यांना खरंच माहीत होतं. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना देण्यासारखंही माझ्याकडे काही नाही.

जाताजाता त्यांनी आम्हाला अळ्या दिल्या. चाळीस बायकांना बसवून शिकवलं. कोंड्यात भुंगे अंडी घालतात, त्यांच्या अळ्या होतात. त्या चाळायच्या, दोन दिवस उपाशी ठेवायच्या म्हणजे पोट साफ होतं, मग उकळत्या पाण्यातून काढून भाजायच्या आणि दळायच्या. 'उपाशी ठेवायच्या' म्हणताना शिकवणारा हसला. आम्ही कोणी हसलो नाही. फोटो काढायला एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी कॅमेऱ्यासमोर भाजलेली अळी तोंडात टाकली, "वा, छान" म्हणाल्या आणि गाडीत बसताना रुमालात थुंकल्या. मी खिडकीशीच उभी होते.

चाळीसपैकी महिन्यानंतर मी एकटी उरले. उपाशी माणूस काहीही खातो असं ज्याला वाटतं त्याने एकदा रांगेत उभं राहून बघावं. उपाशी माणसाजवळ लाज तेवढी शिल्लक असते, ती तो सोडत नाही.

गाड्या थांबल्यावर आम्ही चारपाच जणींनी गोदामात एका वेळची पेज चालू ठेवली होती. पीठ पुरेना. मी सहा वाट्या पिठात एक वाटी अळ्यांचं पीठ घालायला लागले. सांगितलं नाही. पाच आठवडे लोक जेवले. मुलांचे दंड भरायला लागले, मी पट्टी लावून बघत होते, अजिबात न ओढता.

दादा रोज दोन वाडगे प्यायचा. तिसरा मागायचा. वर म्हणायचा, "तुझ्या हाताला आता चव आलीय." मग एकदा तो माझ्याकडे घमेलं मागायला आला आणि मांडणीवरचं फडकं त्याने उचलून बघितलं. घमेलं घेतलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी भर रांगेत ओरडला, "किडे घालते ही आपल्याला, माझी सख्खी बहीण." लोकांनी पातेलं उलटं केलं. पेज गोदामाच्या पायऱ्यांवरून वाहत गेली आणि लोक बाजूला उभे राहून बघत होते. त्यातल्या अर्ध्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. परत कधी चूल पेटली नाही.

दादा, तुला पुढच्या खोलीतला जर्मनचा वाडगा देते. तोच, ज्यातून तू दोनदोनदा प्यायलास. मी घासून ठेवला आहे.

पण चूक दादाची नाही, माझी. मी सांगून घालायला हवं होतं. सांगितलं असतं तर कोणी तोंड लावलं नसतं, हेही तितकंच खरं. या दोन गोष्टींच्या मध्ये मी इतकी वर्षं बसून आहे. अळ्या मात्र सोडल्या नाहीत. मी स्वतः खाल्ल्या, नर्सबाईने खाल्ल्या. जग काही पोटभर जेवलं नाही त्याने.

ट्रे कोणाला, तेही कलम पाचमध्ये.

चार. डबा.

हे लिहायला सर्वांत जड जातं आहे म्हणून लवकर आटपते.

यंदा पुन्हा तेच चालू आहे. दुकानात पीठ येईनासं झालं, गाड्यांचा पत्ता नाही. तीन महिन्यांपूर्वी भाची नळावर आली होती, कडेवर मुलगी. मी दारात बसले होते. माझ्या डोळ्यांना आता पट्टी लागत नाही. पोर पिवळ्यात होती, लालला टेकलेली. भाचीने माझ्याकडे बघितलं, इतक्यात पलीकडून धाकटीची हाक आली, "भरली ना कळशी? चल मग." ती गेली.

मी नर्सबाईला गळ घातली. तेव्हापासून दर सोमवारी ती धाकटीकडे पिठाचा एक डबा देते. दवाखान्यातून बाळांसाठी आलंय म्हणून सांगते. ते दवाखान्यातलं नाही. माझं आहे. पाच वाट्या माझ्या साठवणीतलं धान्य, एक वाटी अळ्या. बाळाला चालेल का ते आधी थोडंथोडं देऊन नर्सबाईने स्वतः बघितलं. तिला कोणी बोल लावू नये, ती नको म्हणत होती.

म्हणजे मी पुन्हा न सांगता घातलं. एकदा तोंड पोळून शहाणी झाले नाही. पोरीचा दंड दोन रेघा वर आला आहे असं नर्सबाई म्हणते. मी गेल्यावर डबा बंद होईल, आणि का बंद झाला ते त्यांना कळणारही नाही. म्हणून सांगते आहे.

मला आता पाणीही चमच्याने जातं. परवा सहज ती मुलांची पट्टी माझ्या दंडाला लावली, तर पुरून उरली. घरात अळ्यांचं पीठ भरलेलं आहे आणि मी उपाशी मरणार आहे. साहेबांना त्यांच्या नकाशात मला कुठला रंग द्यायचा ते विचारा.

पाच. सूचना.

हा कागद मी मेल्यावर वाचायचा नाही. आज सह्या होण्याआधीच नर्सबाईने धाकटीकडे जाऊन पूर्ण वाचून दाखवावा आणि पट्टी तिच्या हातात द्यावी. धाकटे, पोरीचा दंड तू मोज. पट्टी सैल धरायची, दंडाच्या मध्यावर. काही ओढू नकोस, लाल दाखवून पाकिटं मागावीत असं आता समोर कोणी नाही.

ट्रे धाकटीने घ्यावेत. काम फार नाही. कोंडा कोरडा ठेवायचा, आठवड्यातून दोनदा गाजराची नाहीतर भोपळ्याची साल टाकायची, कोष झाले की रोज वेचून वेगळे करायचे, नाहीतर बाकीच्या अळ्या तेच खातात. मांडणीचे चारही पाय पाणी भरलेल्या डब्यांत आहेत, ते पाणी कधी आटू द्यायचं नाही. आटलं की मुंग्या चढतात आणि एका दिवसात सोळाच्या सोळा ट्रे साफ करतात.

धाकटी नको म्हणाली तर दुसरं कोणी घेणार नाही. मी विचारून बघितलं आहे. मग मी मेले त्याच दिवशी मांडणीच्या पायाखालचे डबे काढून टाका. उगाच कुजवत ठेवू नका.

माझ्या नावाने जेवणावळ घालायची नाही. घालायला आहे काय.

पुरवणी, त्याच दिवशी, दुपारी चार वाजता.

नर्सबाई जाऊन आली. धाकटी भांडी घासत होती, वाचून होईपर्यंत घासतच राहिली. भाची दारात मुलीला घेऊन उभी होती. संपल्यावर धाकटी उठली, आतून डबा आणला आणि नर्सबाईच्या हातात दिला. म्हणाली, "सांग तिला, सतरा वर्षांत एक अक्षर बोलली नाही आणि पोटात मात्र शिरली." ट्रेचं विचारलं तर म्हणाली, "मला तिचं काही नको." तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते.

डबा अर्धा आहे. सोमवारी भरून गेला होता.

पट्टी परत आली नाही. मी नर्सबाईला तीनदा विचारलं. ती म्हणाली, धाकटीने हातच लावला नाही, पण भाचीने घेतली. नर्सबाई निघाली तेव्हा भाची मुलीच्या दंडाला गुंडाळून बघत होती. उलटी गुंडाळली होती. मागची बाजू कोरी असते, त्यावर रंग नाहीत. "मग सांगितलं नाहीस का तिला?" मी म्हणाले. नर्सबाई म्हणाली, "धाकटी दार लावत होती."

म्हणून कलम पाचमध्ये एवढाच बदल करते. पायाखालचे डबे त्याच दिवशी काढू नका. मी गेल्यावर आठ दिवस मास्तरांनी त्यात पाणी घालावं आणि दार नुसतं लोटून ठेवावं. भाचीला पट्टी सुलट कशी धरायची ते विचारावंसं वाटलं तर ती येईल. मला वाटत नाही ती येईल. नवव्या दिवशी पाणी काढा. मुंग्या वाट बघतात, त्यांना घाई नसते.

वरील सर्व मी स्वतः लिहिलं आहे, वाचलं आहे, आणि यातलं एक अक्षरही मागे घ्यायचं नाही.

लिहून देणार: पट्टीबाई. सही.

साक्षीदार पहिला: शेजारचे मास्तर. माझ्यासमोर सही झाली. पाणी घालीन.

साक्षीदार दुसरी: नर्सबाई. सही करणारी पूर्ण शुद्धीवर आहे. डबा तिच्या उशाशी ठेवला आहे.

ठिकाण: नळासमोरच्या दोन खोल्या, पुढची खोली.
दिनांक: महिन्याची एकवीस तारीख, गुरुवार.