ऑफिस काढलं, चूल वेगळी झाली

मु. खर्डी,
मंगळवार, दुपार

आदरणीय मामांना सतीशचा, संघरत्नाचा आणि (अजून तरी एकाच छपराखाली असलेल्या) सगळ्यांचा सप्रेम जय भीम.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी आणलेलं तेल लावता की नुसतं फळीवर ठेवून त्याच्याकडे बघता? भातसानगरच्या तुमच्या कॉलनीत नळाला पाणी येतं का, की अजून धरण उशाला आणि कोरड घशाला? आम्ही इकडे खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर आई माझ्याशी बोलत नाही, प्रशांतदादा माझ्या पंगतीला बसत नाही, आणि मी वेगळा होतोय हे मी सोडून सगळ्या गावाला माहीत आहे. मामा, मी फक्त एक टेबल केलं हो! (फोनच का केला नाही म्हणाल, तर फोन आईच्या खाटेशेजारी असतो आणि आई फोनशेजारी.)

आता पहिल्यापासून सांगतो. ठाण्याची नोकरी सोडून मी जुना कॉम्प्युटर घेतला आणि घरी टायपिंगचं काम धरलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. शहापूरच्या वकिलांचे कागद, लग्नपत्रिका, अर्ज, जे येईल ते. तेव्हा दादाच म्हणाला होता, "सोड रे नोकरी, जेवायला घर हाय ना." पण कॉम्प्युटर ठेवायचा कुठे? इतके दिवस तो रश्मीवहिनींच्या शिलाई मशीनवर होता. वहिनींना ब्लाउज शिवायचा झाला की वकिलांचा दावा उचलून कॉटवर ठेवायचा, आणि कोणी कॉटवर बसलं की दावा फेटाळला गेला म्हणून समजायचं. एकदा तर मशीनचा पायडल माझ्याच पायाने हलला आणि एका सज्जन माणसाची पत्रिका वहिनींच्या अस्तराला शिवली गेली. माणसाला ऑफिस हवं, असं मी त्या दिवशी ठरवलं.

सुताराकडे गेलो. त्याने टेबलाचा भाव सांगितला तेव्हा मी चहा अर्धा टाकून उठलो. मग मुरबाडला एका दुकानात स्वयंपाकघराची तयार कपाटं स्वस्तात काढलेली दिसली. हल्ली शहरात ओट्याखाली बसवतात ना, खण आणि दारं असलेली, तीच. कोणीतरी नापसंत करून परत केलेली होती. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: दोन कपाटं दोन बाजूंना, मध्ये पाय घालायला जागा, वर आडवी फळी, झालं साहेबाचं टेबल! फळी दुकानदाराने वरून दिली. तिला मधोमध बेसिनचं गोल भोक पाडलेलं होतं, पण मी म्हटलं वायरी खाली सोडायला बरं. (आमच्या मांजरीने ते भोक आपल्यासाठीच पाडलं आहे असं ठरवलंय. मी टाइप करत असलो की तिचं डोकं खालून वर येतं आणि ती मजकूर तपासते.)

चूक झाली ती आणताना. टेम्पो शहापूरमार्गे भर दुपारी गावात शिरला. दारांवर द्राक्षांचे घोस आणि कपबश्यांची चित्रं, आणि टेम्पोवाला प्रत्येक ओटीपाशी थांबून विचारतोय की हे किचन कोणाचं. शेजारच्या धोंडीबाई सूप घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "सतीश, कुठं मांडतोस रे हे?" मी आपला मोकळ्या मनाने म्हणालो, "पुढच्या खोलीत. रोज उठून वहिनींना किती त्रास द्यायचा? आता आमचं आमी बघू." त्यांनी सूप खाली ठेवलं आणि तांदूळ तसेच टाकून आत गेल्या. मला वाटलं, बाईंना ऊन लागलं असेल.

आता तुम्ही म्हणाल, गाढवा, आपल्याकडची रीत तुला कळत नाही? कळते हो. आपल्यात भाऊ वेगळे होतात तेव्हा आधी जमीन मोजत नाहीत की भिंत घालत नाहीत, आधी दुसरी चूल मांडतात. ती मांडली की बाकीचं आपोआप होतं. पण मी ऑफिस मांडत होतो. माझ्या त्या ओट्यावर ना शेगडी, ना काडेपेटी. मला सुचणार कसं?

शिवाय मी कामात होतो. कपाटं उभ्याने स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या मापाची. मी खुर्चीवर बसलो तर हनुवटी फळीला टेकली. खुर्चीखाली दोन पाट घातले तर पाय लोंबकळायला लागले. शेवटी करवत घेऊन कपाटं खालून कापली, त्यात डावं जरा जास्त कापलं गेलं. आता पेन ठेवलं की ते शहापूरच्या दिशेने निघतं. संघरत्ना दारात उभी राहून नवऱ्याची कारागिरी बघत होती. म्हणाली, "उजवं पन काप थोडं." उजवं कापलं, तेव्हापासून पेन कसाऱ्याच्या दिशेने जातं.

या धांदलीत गाव काय करत होतं याकडे माझं लक्ष नव्हतं. धोंडीबाई नवं पोळपाट-लाटणं देऊन गेल्या. मी उजवा खण उघडून लाटणं ठेवलं, आभार मानले. मग विहाराच्या मंडळाचे सदानंदकाका आले, टेबलावरून हात फिरवला, मला म्हणाले, "वेगलं व्हायचं तर व्हा, पन भांडून नको." मला वाटलं सुताराबद्दल बोलतायत. मी म्हटलं, भांडण कसलं काका, मी त्याचा चहाही पूर्ण प्यायलो नाही. काका कपाळाला हात लावून निघून गेले.

कळलं कधी? काल सकाळी. आई आत आली, तिने कॉम्प्युटरचा कीबोर्ड बाजूला सरकवला आणि टेबलावर एकेक भांडं मांडलं. तांब्याचा हंडा, दोन ताटं, तवा, पळी. खाली तांदळाची अर्धी गोण. म्हणाली, "तुझ्या वाटनीचं. मोठ्याला ठेवलंय तेवढंच हाय, मोजून घे." आणि डोळ्याला पदर लावून गेली. मामा, मी हातात करवत घेऊन उभा होतो. (आमच्या घरात हे असं दृश्य पहिल्यांदाच.)

मग मी समजावत सुटलो. पण खरं जितकं सांगावं तितकं खोटं वाटत होतं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ओट्यावर कोन ऑफिस करतं काय?" रडत होत्या हो, आणि रडता रडता माझ्या ताटात भाजी वाढत होत्या. ज्याने जेवायला घर आहे म्हणून सांगितलं, त्याच्याच घरात मी दुसरी चूल घातली, असं दादाला वाटतंय. तो शेतावर जाताना मी हाक मारली, त्याने मागे वळून पाहिलं नाही. हे मात्र मला सहन होत नाही.

तेव्हा मामा, एवढं करा. रविवारी या. आईने ऐकलं तर ती तुमचंच ऐकते. आमच्या सगळ्यांबरोबर एका चुलीवरचं जेवा आणि चारचौघांत सांगा की सतीश मूर्ख आहे पण वेगळा नाही. पहिली गोष्ट ते लगेच मान्य करतील. मामींना जय भीम, लहानांना आशीर्वाद.

तुमचा भाचा,
सतीश

ता. क. मी पत्र लिहिलं हे आईला कळू देऊ नका. सहज आलो म्हणा. गुडघ्याचं निमित्त सांगू नका, तेल लावत नाही हे तिला माहीत आहे.

ता. क. (बुधवार सकाळ, पोस्टाची पिशवी अजून गेली नाही म्हणून.) काल सांजच्याला दादा आपलं भरलेलं ताट घेऊन माझ्या खोलीत आला. ताट टेबलावर ठेवलं, माझी खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "तू वेगलं मांड. मी पन इथंच जेवनार, बघू कोन उठवतं." मग आई आली ताट घेऊन, मग वहिनी. मामा, मी रडलो. (संघरत्ना म्हणते, कांदा होता. कांदा नव्हता.) आता सगळं घर त्या टेबलावरच जेवतंय, वहिनी म्हणतात उभ्याने वाढायला बरं पडतं. उतारामुळे वरण फक्त दादाकडे जातं, पण तो खूश आहे.

ता. क. तेव्हा समजूत घालायला यायची गरज नाही, जेवायला मात्र या. फक्त कॉम्प्युटर परत शिलाई मशीनवर गेलाय. तुमच्या व्हरांड्यात एक जुनं टेबल पडून आहे ना? ते येताना घेऊन या. भर दिवसा, गावातून, सावकाश आणा, म्हणजे ते टेबलच आहे हे सगळ्यांना दिसेल. आणि कोणी विचारलंच की हे कोणासाठी, तर कृपा करून दादाचं नाव सांगा.