चुकांची कोरी वही

३ मार्च, सोमवार
इन्चार्ज नर्स म्हणून वॉर्ड ताब्यात घेतला. तीस खाटा, चौदा नर्स. कपाटात चुकांची वही सापडली — औषध देताना काही चुकलं तर त्यात लिहायचं. तीन वर्षं कोरी! एकही चूक नाही? कसं शक्य आहे?
मी आत शिरले की गप्पा थांबतात, हेही दिसलं.

४ मार्च
सगळ्यात जुन्या नर्सला विचारलं. सगळे त्यांना ताई म्हणतात. डॉक्टरसुद्धा वचकून असतात.
"आमच्याकडे चुका होत नाहीत."
बरं!

७ मार्च
चादरी मोजताना सगळ्यात नवीन मुलगी — तिला सगळ्या चिमणी म्हणतात — हळूच बोलली. आधीच्या इन्चार्ज बाई वही सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायच्या. एकीला तर पेशंटच्या नातेवाइकांपुढे उभं केलं. ती नोकरीच सोडून गेली.
"मग कोण कशाला लिहील, मॅडम?"
मी तरी लिहिलं असतं का? नसतं.

१२ मार्च
आज मीच चुकले! अकरा नंबरच्या आजींची गोळी बारा नंबरला दिली. व्हिटॅमिनची होती म्हणून निभावलं. डॉक्टरांना सांगितलं, पेशंटची माफी मागितली. पण वही? पंधरा मिनिटं समोर घेऊन बसले. शेवटी लिहिलं, सही केली, आणि वही चहाच्या टेबलावर ठेवून दिली.
एकेक जण चहाला येऊन गेली. वाचलं सगळ्यांनी!

१३ मार्च
वहीत नवीन काही नाही.

१८ मार्च
चिमणीची नोंद! सलाइन अर्धा तास उशिरा बदललं. तिला जवळ बसवून विचारलं, नेमकं काय झालं होतं? तेव्हा कळलं — दुपारी पाळी बदलताना ती पाऊण तास तीस पेशंटना एकटी सांभाळते. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं! लगेच पाळ्या बदलल्या.
आज जेवताना कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची सरकवली.

२१ मार्च
आणखी तीन नोंदी. ताईंची एकही नाही. त्यांच्या हातून खरंच काही चुकत नसेल?

२४ मार्च
ड्यूटी संपल्यावर ताई थांबल्या. दार लोटून घेतलं. "उजव्या डोळ्याने दिसत नाही मला. आठ महिने झाले. घरीसुद्धा माहीत नाही." मी काही बोलायच्या आत त्यांनीच औषधांच्या कपाटाची किल्ली कमरेची सोडवली आणि माझ्यापुढे ठेवली.
उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्यांच्यासोबत मी जाणार आहे.