ऐनाच्या फळ्या आन् ह्यांचा हात

३ मार्च, मंगळ.
सुभेदारांच्या दारात आज पैला दिवस. हे खुर्चीत, मी खाली, ड्रिल मशीन माज्या हातात. दिवाळी झाली आन् ह्यांच्या उजव्या अंगावरनं वारं गेलं. तवा हितला खालचा सांगाडा ह्यांनी बसवला व्हता, वरच्या फळ्या राहिल्या त्या राहिल्याच. सुभेदार त्याला डेक म्हनत्यात. मी फळ्यांचा ओटा म्हनते. पाडव्याला त्यावर पूजा घालायचीय. सुभेदार म्हनले, "तवर झालं तर बरं, न्हाईतर कराडचा सुतार बोलावतो वैनी, राग नको." मी म्हनलं, सुतार हाय की हितं बसलेला. हे काम गेलं तर हे खाटंवरनं उठायचे न्हाईत. मला ठावं हाय.
दोनच फळ्या झाल्या. कंबर गेली.

५ मार्च, गुरु.
ऐनाचं लाकूड म्हंजी दगूड. मशीनचा बिट तापून धूर आला. स्क्रूच्या माना तुटत्यात. वारं गेल्यापास्नं ह्यांची जीभ जड, बोलणं आर्धंच कळतं. म्हनले, "साबन." मी म्हनलं, आंघूळ घरी गेल्यावर. लय चिडले. स्क्रूला साबन चोळायचा व्हता. आधी बारीक भोक, मग वरच्या तोंडाला स्क्रूचं डोकं बुडंल एवढं रुंद भोक, मग साबन लावून स्क्रू. तसा गेला सरळ. हे आधी सांगाय नगं? तर म्हनले, "येवढी वर्सं काय बघितलंस?"
काय बघनार. भाकरी घिऊन जायची, ठिवायची, माघारी यायचं. म्हशीची धार, पोरांच्या शाळा.

८ मार्च, रवि.
रविवार आसून सुट्टी न्हाई. दुपारी हे डुलक्या घ्याय लागले, म्हनून स्क्रू आर्धा हातोडीनं हाणला, मग पिळला. गावात समदेच करत्यात. डोळं मिटूनच म्हनले, "काड त्यो."
"कोन बघतंय?"
"पावसात फळी फुगती. ठोकलेला स्क्रू धरत न्हाई, उचलतो. मग कुनाचा तरी पाय फुटतो."
दिवाळीपास्नं येवढं सलग बोलले नव्हते. स्क्रू काडला. मनात शिव्या घातल्या. पर बोलले की...

११ मार्च, बुध.
खांदा वर व्हईना. येणी घालाय शेजारणीला बोलावलं.
सुभेदारीण च्या घिऊन आल्या. "दाजी बरे आसते तर आत्तापतूर..." म्हनल्या. मी म्हनलं, आवं बाई, हेच करत्यात, मी नुसती मशीन धरते. ह्यांनी तोंड फिरवलं. च्या तसाच निवला.
घरी म्हनले, "खोटं कशाला बोलतीस?" म्हनलं, जेवा गुमान.

१४ मार्च, शनि.
आज मलाच राहावलं न्हाई. डावा हात हाय ना चांगला? मग धरा म्हनलं. मशीन हातात दिली, वरनं मी जोर लावला. बिट घसरला, फळी टोकापतूर चिरली. ह्यांनी मशीन खाली ठिवली. आपटली आसती तर बरं झालं आसतं. हळूच ठिवली.
जेवले न्हाईत.

१६ मार्च, सोम.
काल बी आले न्हाईत, आज बी न्हाईत. पोट दुखतंय म्हनं. भिताडाकडं तोंड करून झोपल्यात. एकलीच गेले. सुभेदार म्हनले, "सुतार कुठाय?" म्हनलं, मागनं येत्यात.
चिरलेली फळी काडून नवी घातली. दोन फळ्यांच्या मदी खिळा धरून फट ठिवली, पाणी खाली जायला. रिकाम्या खुर्चीचा राग आला, उचलून झाडाखाली नेऊन टाकली. आज काड म्हनाय कोन नव्हतं. तरी दोन स्क्रू माजे मीच काडले. तिरकं गेलते.

१८ मार्च, बुध.
झालं एकदाचं. सुभेदारांनी ह्यास्नी जीपनं आणलं. काठी टेकत, चप्पल काडून, फळ्यांवर चालले. आंगठ्यानं स्क्रूची डोकी चाचपत. म्हनलं आता निगंल कायतरी खोड. कडंला जाऊन थांबले.
"ही बाजू कुनी केली?"
"मीच. दुसरं कोन हाय?"
"हं."
येवढंच. हं म्हंजी काय ते इचारलं न्हाई. माजे पाय सुजल्यात.

२० मार्च, शुक्र.
काल पूजेला सुभेदारांचे पाव्हणे आलते कुंडलचे. त्यांचा आज फोन. मळ्यातल्या घराम्होरं असंच कायतरी पायजे, कवा येता. फोन ह्यांनी घेतला. मी चुलीम्होरनं ऐकत व्हते. नीट, एकेक शबूद सोडवून म्हनले, "काम आमची मालकीन करती. तिला इचारा." आन् फोन माज्याकडं धरला.
पिठाच्या हातानं घेतला. मी ह्यांचं काम राखाय गेलते, खांदा मोडस्तवर. त्यांनी ते उचलून माज्या पदरात टाकलं. स्वतः बाजूला झाले का मला म्होरं केलं, काय कळंना. पाव्हण्यास्नी म्हनलं, सांजच्याला सांगते. फोन ठिवून ह्यास्नी इचारलं,
"तुमी येनार का पर?"
"बघू."
"बघू न्हाई. हो का न्हाई?"
खाटंवर जाऊन पडले. आज भिताडाकडं पाठ हाय. डोळं उघडंच हायत, माज्याकडं बघत्यात. सांज व्हत आली, फोन वाजंल आता.