त्या लोकांचं रान

प्रिय कोलमन,

तुझं घर सुरू झालेलं नाही. पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागायला नको. माती उकरायचं यंत्र आलं होतं, मालाकीच घेऊन आला होता, आणि तसंच परत गेलं. मंगळवारची गोष्ट. आज शुक्रवार उजाडला तेव्हा कुठे मी लिहायला बसलेय. फोन केला असता, पण फोन पोस्टातला, आणि पोस्टातल्या बाईचे कान तुला ठाऊक आहेत. शिवाय हे मला तोंडाने सांगता येणार नाही. तिकडे बोस्टनमध्ये चहा पितोस की नाही देव जाणे, पण आज करून घे, आणि हे एकटा बसून वाच.

तू पाठवलेला घराचा नकाशा मी आल्यागेल्याला मिरवून दाखवत होते. माझा भाऊ परत येतोय, वरच्या रानात घर बांधतोय, स्वयंपाकघराची खिडकी थेट तळ्याकडे! शेजारच्या बार्टलीने चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढला आणि म्हणाला, "खालच्या तुकड्यात बांधा की. तिथं वारा कमी." त्याची बायको म्हणाली, "वर ओल फार आहे, पोरी." त्या उतारावर कसली आलीय ओल! मी हसून म्हटलं, "माणसं चंद्रावर जाऊन आली आणि तुम्ही अजून त्या लोकांना भिता?" बार्टलीने टोपी उचलली आणि चालता झाला. मला वाटलं, काय ही भित्री भागूबाई मंडळी!

आपल्या गॉर्टनास्की गावात वीतभर जागेलासुद्धा नाव आहे. विधवेचा बांध, पाद्रीबाबाची उडी, लंगड्या घोडीचं कुरण. भुकेलं गवत, जिथे खिशात पावाचा तुकडा नसेल तर धडधाकट माणूस चालता चालता कोसळतो. आणि तो चकव्याचा कोपरा! बाबा एकदा अख्खी संध्याकाळ तिथे एकाच कुंपणाभोवती फिरत राहिले आणि शेवटी कोट उलटा घालून कसेबसे घरी आले. "प्यायलेले नव्हते हो," असं आई शपथेवर सांगायची आणि बार्टली म्हणायचा, "चकवा बाटलीतनंच निघतो, बाई." पण वरच्या रानाची थट्टा कोणी करत नसे. ते त्या लोकांचं रान. परी हा शब्दसुद्धा तिथे उच्चारायचा नाही. नांगर घालायचा नाही, काटेझाडाची फांदी मोडायची नाही, आणि गवतात ते पांढरे दगड आहेत, त्यांना हात लावायचा नाही.

तू लावलास. आठवतं ना? विसरशील कसा! गोट्यांसारखा खेळायला एक दगड खिशात घालून आणलास, आणि आपल्या आईने, जिने कुत्र्यालाही कधी काठी दाखवली नाही, तिने तुझ्या मुस्कटात अशी ठेवून दिली की तू खुर्चीवर आदळलास. मग तिने तो दगड पाण्याने धुतला, एप्रनने पुसला आणि स्वतः जाऊन ठेवून आली. त्या रात्री तू मला म्हणालास, "दगडाची जास्त माया आहे तिला." आणि तुझा वाढदिवस! माझ्या वाढदिवसाला मनुक्यांचा केक, आणि तुझ्या दिवशी आई सकाळीच घरातून नाहीशी. परत यायची ती डोळे सुजवून, कोणाशी न बोलता. तू जाताना बसच्या पायरीवर उभा राहून तिच्याबद्दल जे बोललास ते मी तिला कधी सांगितलं नाही. पण तिने ऐकलं होतं, कोलमन. मला आता मंगळवारी कळलं.

मंगळवारी मालाकी यंत्र घेऊन फाटकात आला तेव्हा मी त्याच्यासाठी बेकन तळत होते. आई खिडकीपाशी बसलेली. खुबा मोडल्यापासून ती फाटकापलीकडे गेलेली नाही, हे मी तुला कळवलंच होतं. मी पाठ वळवली तेवढ्यात खुर्ची रिकामी! बाहेर येऊन पाहते तर म्हातारी घरातल्या सपाता घालून, चिखलातून, कुंपण धरून धरून वर चाललीय. मी हाका मारतेय, ती वळून बघायला तयार नाही. यंत्राच्या पुढे जाऊन उभी राहिली. मालाकीने केव्हाच ते बंद केलं होतं. टोपी हातात घेऊन खाली उतरला होता आणि त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. मला म्हणतो, "डिंफना, नकाशात हे रान आहे हे तू मला सांगायचंस ना गं. मी पलीकडचं समजून आलो." मी त्याच्यावर खेकसले, "घाबरतोस काय परीबिरीला, बापाएवढा झालास!" तो एक पाऊल जवळ आला. मग हळूच म्हणाला, "अगं, तुला खरंच माहीत नाही?"

पऱ्या नाहीत रे तिथे. कधीच नव्हत्या. तिथे बाळं आहेत. बाप्तिस्म्याचं पाणी मिळण्याआधी गेलेली बाळं. त्यांना चर्चच्या आवारात पुरायला जागा नव्हती, पाद्री त्यांच्यासाठी एक शब्द म्हणत नसे. मग बाप दिवस बुडाल्यावर, लोण्याच्या खोक्यात घालून, एकटाच तिथे नेऊन ठेवायचा आणि खूण म्हणून वर पांढरे दगड मांडायचा. आपल्यासारख्या पोरांनी तिथे हुंदडू नये म्हणून ती सगळी गोष्ट रचलेली. आणि कोलमन, श्वास घे, त्यातली एक आपली आहे. तू जुळा होतास. तुझ्यामागून एक मुलगी आली. दुसरं बाळ आहे हे सुईणीलाच ठाऊक नव्हतं. तुला घाईने बाप्तिस्म्याचं पाणी लावून ती वळली तोवर खेळ आटोपला होता. आईला उठायचीसुद्धा परवानगी नव्हती. बाबा खोकं घेऊन गेले, आले, आणि त्या विषयावर मरेपर्यंत बोलले नाहीत. तू आणलेला दगड तिचा होता. तुझा वाढदिवस तिचाही होता. हे सगळं आईने चिखलात उभं राहून मला सांगितलं, रडत नव्हती, जणू दुसऱ्या कोणाचं सांगतेय. रडत मी होते. मालाकीपण.

आणि संताप कसला येतो, सांगू? सगळ्या शिवाराला ठाऊक! बार्टलीला, त्याच्या बायकोला, मालाकीसारख्या कालच्या पोराला. त्याची मावशी आहे म्हणे तिथे. आपण दोघंच आंधळे. मी बार्टलीच्या दारात जाऊन तोंडाला येईल ते बोलले, तो ऐकून घेत राहिला. म्हणाला, "तुझ्या आईने सांगायचं ते आम्ही कसं सांगणार, पोरी? ओल आहे म्हटलं ना आम्ही." मी घरी आले. दोन दिवस मला घास गेला नाही. सारखं डोळ्यांपुढे येतं, मी त्या नकाशावर बोट ठेवून म्हणत होते, ही इथे चूल येणार, ही खिडकी, आणि आई ऐकत होती. महिनाभर ऐकत होती रे ती, मोजे विणत.

आता, हे सगळं कशासाठी लिहिलं ते. घर थांबवायला नाही, ते थांबलंच आहे. यंत्र मी परत पाठवलं आणि पुन्हा येऊ देणार नाही, मग तू रागाव नाहीतर काही कर. मंगळवारीच रात्री आईला म्हटलं, मी कोलमनला कळवते, तो खाली बांधेल. ती म्हणाली, "त्याचं घर, त्याची मर्जी. मी कोण त्याला सांगणार? त्याला फक्त एक विचार. तिचं नाव काय ठेवायचं?" मी म्हटलं, अगं, आई तू, नाव तूच ठेव ना. तर म्हणाली, "मला कुठे तिची ओळख? तोंडसुद्धा बघू दिलं नाही. तिच्याबरोबर होता तो एकटाच." तेव्हापासून ती रोज पोस्टमनच्या वेळेला दाराशी खुर्ची ओढून बसते. मी सांगते, पत्र अजून टाकलंसुद्धा नाही, तरी बसते. ती आता फार दिवसांची नाही, कोलमन. घराचं तू सावकाश ठरव. नाव आधी कळव.

तुझीच, तुझ्या दोन बहिणींतली धाकटी,
डिंफना