गुरुवारचा पंप

॥ श्री नरसिंह प्रसन्न ॥

मु. पो. कळस, ता. इंदापूर
शुक्रवार, दिवेलागण

राजमान्य व्याही आबाजीराव यांना कळसहून रामहरीचा दोन्ही हात जोडून रामराम.

इकडं सगळं ठीक आहे. तुमचा गुडघा, विहीणबाईंचा खोकला आणि ओढ्याकडचा उसाचा खोडवा, तिघांची तब्येत कळवावी. (खोडव्याची आधी कळवलीत तरी विहीणबाईंना सांगणार नाही.) उत्कर्षा मजेत आहे. तुमची लेक आमच्या घरी नांदते असं लोक म्हणतात. खरं तर मी आणि लीलाबाई तिच्या हाताखाली नांदतो, आणि सुखानं नांदतो. तुमचा जावई ऋषिराज रोज बारामतीला जाऊन येतो, उद्या वाट वाकडी करून तुमच्याकडं येईल, त्याच्याच हाती हे पत्र धाडतो आहे. अक्षर एवढं मोठं का म्हणाल, तर पत्र लॅपटॉपवर लिहून छापलं आहे, आणि मोतीबिंदू काढल्यापासून मी अक्षर शेंगदाण्याएवढं ठेवतो.

आता लॅपटॉपचा विषय निघालाच आहे (मीच काढला, दुसरं कोण काढणार), तर पहिल्यापासून सांगतो. गावातले अर्ज लिहायचं काम माझ्याकडं, हे तुम्हाला ठाऊक आहे. शाळा सातवीपर्यंतच, पण अर्ज लिहावा तर रामहरीनं, एवढं नाव कमावलं आहे. उत्कर्षानं तिचा जुना लॅपटॉप मला दिला आणि त्यात ईमॅक्स नावाचा एडिटर घालून दिला. म्हणाली, तात्या, बाकीचे एडिटर म्हणजे दुकानातला तयार सदरा. हा कापडाचा तागा आहे, अंगाला येईल तसा शिवून घ्यायचा. मला पटलं, कारण तयार सदरा माझ्या पोटावर आजवर कधी बसलेला नाही. ही शिवण एका सेटिंगच्या फाईलमध्ये करायची असते. तिनं अट एकच घातली: प्रत्येक नियमाच्या डोक्यावर, तो का केला याचं कारण आपल्या भाषेत लिहायचं, नाहीतर वर्षभरानं आपलंच सेटिंग आपल्याला परक्याचं वाटायला लागतं. कारणाच्या ओळीपुढं अर्धविराम द्यायचा, म्हणजे ती ओळ यंत्र सोडून देतं आणि माणूस वाचतो.

कारण लिहा म्हटल्यावर मला रान मोकळं मिळालं. नियम एका ओळीचा आणि कारण दहा ओळींचं, अशी फाईल वाढत गेली. ‘मेह’ एवढं टाईप केलं की ‘मेहेरबान साहेबांच्या सेवेशी अर्जदार सविनय सादर करतो की’ एवढं आपोआप उमटतं. कारण, साहेबाला मान पुरा मिळावा आणि बोटांना कष्ट कमी पडावेत. पडदा गुळाच्या रंगाचा; कारण, पांढरा डोळ्यांत खुपतो आणि काळ्यावर लिहिताना लाईट गेल्यासारखं वाटतं. दर तासाला ‘चष्मा कपाळावर आहे’ अशी पाटी येते. याचं कारण लिहायची खरं तर गरज नव्हती, तरी लिहिलं. लीलाबाई म्हणाली, “मला आजवर एक कारण सांगितलं न्हाय, अन त्या डबड्याला पोथी ऐकवताय.”

मग तुम्ही ते पाहिलंत आणि तुम्हालाही हवंसं वाटलं. (डाळजमध्ये तुमच्या अर्जांना माझ्याइतकीच मागणी आहे, हे मी चारचौघांत सांगतो.) उत्कर्षानं माझी फाईल पेनड्राइव्हवर घेऊन तुमच्या लॅपटॉपवर घातली. थोडी काटछाट करून देते म्हणत होती, तर मीच म्हणालो, सोयऱ्याचं ताट भरूनच वाढावं. तिथं चुकलं. आपला सदरा दुसऱ्याला देताना खिसे तपासावेत, ते मी तपासले नाहीत.

त्या आठवड्यात तुमच्याकडं शेतीपंपाला दिवसाची लाईट होती, म्हणून गुरुवारची आमच्याकडची फेरी चुकवून तुम्ही खोडव्याला पाणी सोडलंत आणि लॅपटॉप उघडून बसलात. साडेअकराला घंटी वाजून पडद्यावर पाटी आली: ‘पंप बंद करायची वेळ झाली.’ तुम्हाला वाटलं, लेकीनं लाईटच्या वेळापत्रकाशी यंत्र जोडून दिलं, पोरगी हुशार. तसेच उठून बांधाबांधानं गेलात आणि पंप बंद केलात. त्या चालण्यानं गुडघा धरला, म्हणून पुढचा गुरुवारही घरीच, आणि पुन्हा तीच पाटी, पुन्हा तोच पंप. निम्मा खोडवा कोरडा राहिल्यावर तुम्ही फाईल उघडून तो नियम शोधलात आणि वरचं कारण वाचलंत. ते असं होतं (आता झाकून काय): ‘आबाजीराव दर गुरुवारी येतात. उसाचा विषय निघाला की जेवणवेळ टळते आणि लीलाबाई तवा तापवून बसून राहते. सोयऱ्याला उठा म्हणता येत नाही. पंपाला कुणी नाही म्हणत नाही.’

यंत्रानं वाचू नये म्हणून अर्धविराम आहे. व्याह्यानं वाचू नये म्हणून कोणतं चिन्ह द्यावं, हे उत्कर्षालाही ठाऊक नाही.

तेव्हापासून तुमची फेरी बंद आहे. फोनवर तुम्ही तिला सगळं सांगितलंत आणि म्हणालात, “तुज्या सासऱ्याला सांग, पंप बंद केलाय. आता चालू व्हायचा न्हाय.” तिनं तो निरोप एक शब्द न गाळता मला दिला. एरवी ती माझ्या फजितीवर पोट धरून हसते. त्या दिवशी हसली नाही, ते मला लागलं.

आता माझी बाजू ऐका. तो नियम मी पहिल्या महिन्यात केला, हात शिवशिवत होते तेव्हा. शिवाय त्याचा उपयोग एकदाही झाला नाही. घंटी वाजली की मी उठायचो, आणि तुम्ही “चला, मी बी येतो” म्हणून मागोमाग यायचात. पंप आधीच बंद असायचा. एकदा तुम्ही वाकून बघितलंत आणि म्हणालात, “रामहरीराव, ह्यो तर बंदच हाय.” मी म्हणालो, खात्री केलेली बरी. मग आपण तिथंच दगडावर बसायचो, आणि घरात व्हायचा त्यापेक्षा जास्त उशीर व्हायचा. लीलाबाईचं म्हणणं, तो नियम केल्यापासून भाकरी जास्तच गार व्हायला लागली.

नियम आता बंद केला आहे. (खोडला नाही, पुढं अर्धविराम दिला. जुनं जू कुणी फेकत नाही, माळ्यावर टाकतं.) तरी काल साडेअकराला मी आपोआप उठलो, एकटाच पंपापाशी जाऊन आलो. बंदच होता. लीलाबाई म्हणाली, “बोलवायचं तर बोलवा की. त्याला बी सेटिंग लागतंय व्हय?”

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, खोडव्याला पाणी.

तुमचा व्याही (अजून तरी),
रामहरी

ता. क. तुमच्याकडं राहिलेला पेनड्राइव्ह उत्कर्षाचा आहे. तिला कामाला लागतो. ऋषिराजच्या हाती देऊ नका, तो हरवतो. तुम्हीच येत्या गुरुवारी घेऊन या. जेवण आधी करू, ऊस मागून काढू.

ता. क. दुसरा. तुम्ही रागानं पंपाच्या नियमापाशीच वाचायचं थांबलात. त्याच्या खाली आणखी एक नियम आहे: दर शुक्रवारी संध्याकाळी पाटी येते, ‘गुरुवार रिकामा गेला असेल, तर डाळजला फोन कर.’ आत्ताच येऊन गेली. फोन हातात घेतला, पण काय बोलावं सुचेना, म्हणून हे पत्र. तुमच्याकडंही ती येतच असणार, आणि तुम्ही म्हणत असाल, डाळजात बसून डाळजला कसला फोन करू. तर एवढंच करा: डाळज खोडून तिथं कळस लिहा. वर कारण असं आहे: ‘आबाजीराव आले नाहीत की जेवण वेळेवर होतं, आणि मग अख्खी दुपार उरते.’ ते तुम्हालाही लागू असेल, तर तसंच राहू द्या.