चॉप्स मंद आचेवर आहेत

सूनबाई,

पोर्क चॉप्स सफरचंद आणि आलुबुखाराच्या रसात मंद आचेवर ठेवलेत. पाचपर्यंत झाकण काढू नकोस. माझा उपास आहे, चव घेतलेली नाही; मीठ तू बघ.

फरशीवरचं रक्त मांसाचं नाही, तुझ्या नवऱ्याचं आहे. मी चॉप्स ठेचत होते, तर हा ओट्यावर हात टेकून हसत म्हणाला, "आई, संध्याकाळी हा हातोडा मला दे. तुझ्या सुनेलाही जरा मऊ करतो." मी त्याच हातावर हातोडा घातला. तो ओरडला, तेव्हा परत एकदा घातला. हाडं मोडली असावीत.

त्याला दवाखान्यात नेते आहे. मागच्या वेळी तू डॉक्टरांना जिन्यावरून पडले म्हणालीस आणि मी मान डोलावली. खोटं न बोलण्याचं माझं व्रत तेव्हाच मोडलं. आज सगळं सांगणार आहे, त्याचंही आणि माझंही. मला कदाचित पोलीस ठेवून घेतील, पण तो रात्री घरी येईल.

म्हणून पाचला पोटभर जेव, उरलेलं डब्यात भर आणि लेकीला घेऊन तुझ्या आईकडे जा. गॅस आठवणीने बंद कर. त्याच्यासाठी काही ठेवू नकोस, त्याला डाव्या हाताने जेवता येत नाही.