तेवीस गाणी आणि एक पिकअप

३ मार्च
चौदावा अल्बम पूर्ण. तेवीस गाणी, सहा आठवड्यांत! अख्ख्या टेनेसीत एवढं कोण लिहितं? शेवटचं 'नॅडीन', नऊ मिनिटांचं. लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून खास बायकोवर. ऐकून ती रडणार. रुमाल जवळ ठेवायचा.

५ मार्च
पिकअप-परीक्षा. स्टुडिओत काय, सगळंच गोड वाटतं. गाणं खरं कळतं ते गाडीच्या फुटक्या स्पीकरवर, रस्त्याला लागल्यावर. शेजारच्या सीटवर ड्रमवाला वेंडेल. सातव्या गाण्याला त्याला लघवीला लागली. पंपावर थांबलो. अकराव्याला पुन्हा! म्हणे, वय झालं रे बाबा. चव्वेचाळीस हे काय वय आहे?

८ मार्च
आज स्टील गिटारवाला लॉईड. आधी गाणं पुढे सरकवायच्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवली. तरी दोनदा हात तिकडे गेलाच. विचारलं तर म्हणतो, धूळ पुसत होतो, गड्या. कट शिजतोय. दोघांना तेवीसची दहा करायची आहेत. एकही गाणं काढणार नाही. ठरलं म्हणजे ठरलं.

१२ मार्च, गुरुवार
नॅडीनला विचारलं, अल्बम ऐकलास का? म्हणाली, रोज ऐकते की. कसा वाटला? म्हणाली, छान. एवढंच! वीस वर्षांत ही बाई कधी एका शब्दावर थांबलेली नाही. मग पिकअप घेऊन बहिणीकडे गेली.

१९ मार्च, गुरुवार
आजही गेली. पन्नास मैल! आली ती गुणगुणत. बहिणीकडून कुणी गुणगुणत येतं का? तिकडे कुणी दुसरा गाणारा आहे. असणारच. उद्या छडा लावतो.

२० मार्च
सापडला पुरावा! पिकअपमध्ये सीडी. वर तिच्या अक्षरात 'गुरुवार'. दात-ओठ खात लावली. गाणारा मीच निघालो. माझाच अल्बम, पण नऊच गाणी. चौदा गाळली! तळपायाची आग मस्तकात गेली. तिने चूक कुठे केली ते पाहावं म्हणून गाडी काढली. पार तिच्या बहिणीच्या फाट्यापर्यंत गेलो. हात एकदाही बटणाकडे गेला नाही. खरं सांगायचं तर फार चांगला अल्बम आहे. परत येताना मोठमोठ्याने गात होतो.

घरी नॅडीनने मऊ पावासारखी गरम बिस्किटं आणि वर दाट ग्रेव्ही वाढली. म्हणाली, आज स्वारी भलतीच खुशीत?

'नॅडीन' त्यात नव्हतंच, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.